वीसपैकी अकरा

४ ऑक्टोबर

टकळे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. सहा वर्षांत माझा एक फोन उचलला नाहीस, तेव्हा म्हटलं, पोस्टमनला तरी दार उघडत असशील. न वाचता फाडायचं असेल तर फाड, मी पुन्हा लिहीन. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं तुझे बाबा माझ्याबद्दल म्हणायचे, ते काही खोटं नव्हतं.

मुद्द्याचं बोलते. काल तुझी मावशी येऊन गेली. आधी तासभर गुडघ्यांचं पुराण झालं, मग चपला घालता घालता दारात म्हणाली, "ताई, तुला सांगू नको म्हणालीय, पण सांगते." हिच्या पोटात कधी काही राहिलंय! तुमच्याकडच्या मोठ्या रुग्णालयात दुभाष्यांचा वर्ग निघालाय म्हणे. डॉक्टरांची भाषा न कळणाऱ्या पेशंटच्या शेजारी उभं राहून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायचं. वर्षभर शिक्षण, नंतर तिथेच नोकरी. वयाची अट पस्तीस. फेब्रुवारीत तुला पस्तीस पूर्ण होतील, म्हणजे तुझ्यासाठी हीच पहिली आणि हीच शेवटची खेप. अर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर. मावशीने फॉर्म आणून हातात दिला, तर तू तो साखरेच्या डब्याखाली सरकवून ठेवलास आणि म्हणालीस, "मावशी, मला लिहिता येतं, बोलता येत नाही. आईनेच शाळेत इंग्रजीच्या तोंडीला वीसपैकी अकरा दिले होते. तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?"

एकोणीस वर्षांपूर्वीचे गुण कोण धरून बसतं गं? अकरा म्हणजे काही नापास नव्हे. शिवाय तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, लाजरी होतीस. आता औषधांच्या गोदामात इतकी वर्षं खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेस, त्या चिठ्ठ्या इंग्रजीतच असतात ना? मग भीती कसली? फॉर्म भर आणि टाकून दे. त्यासाठी माझी शिफारस लागत नाही.

मी ठीक आहे. संध्याकाळी एक वर्ग घेते, त्यात वेळ जातो. तुझ्या लेकीला आशीर्वाद. ती अकरा वर्षांची झाली, हेही मला मावशीकडून कळतं.

आई


१० ऑक्टोबर

टकळे,

उत्तर येणार नाही हे ठाऊकच होतं, तरी दोनदा खाली जाऊन पत्रपेटी उघडून आले. शेजारणीने विचारलं, "काही महत्त्वाचं यायचंय का?" म्हटलं, विजेचं बिल.

फॉर्म भरलास का? मावशीला विचारलं तर ती विषय बदलते. म्हणजे भरला नाहीस.

माझ्या वर्गाबद्दल सांगते, म्हणजे तुला कळेल की मोठ्या वयात शिकणारी माणसं कशी बेधडक असतात. चष्म्याच्या दुकानावर एक खोली आहे. अर्धा फळा, सात खुर्च्या, आणि जिना इतका अरुंद की वर येणाऱ्याला खाली जाणारा कुशीवर होऊन वाट देतो. सहा विद्यार्थी. एक लिफ्टदुरुस्तीवाला, एक शिंपीण, रुग्णालयातल्या एक आयाबाई, आणखी तिघं. आठवडाभर सर्वनामं चालू आहेत आणि माझ्या डोक्याचा भुगा झालाय. आपलं टेबल मोडलं तर लिफ्टवाला लिहितो, 'इट'. शाब्बास म्हणते. मग फळा पडला की लिहितो, 'ही इज फॉलन'. का, तर तो फळा. आणि खुर्ची 'शी', कारण ती खुर्ची. ओळख करून द्यायला सांगितलं तर सगळे एका सुरात 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करतात. मी म्हटलं, हे आत्मवाचक सर्वनाम आहे, बायकोने आरशात बघावं तसं ते स्वतःकडे वळून बघतं, त्याच्याने वाक्य सुरू करू नका. लिफ्टवाला म्हणाला, "बाई, मग मी कोण ते सांगायचं तरी कसं?"

आयाबाईंची निराळीच तऱ्हा. मोठे डॉक्टर एकटेच राऊंडला आले, तरी त्यांच्या वाक्यात 'दे'. मी 'ही' केलं तर त्यांनी जिभेचा शेंडा चावला. "बाई, ही म्हणजे अरे-तुरे झालं की! त्यांनी ऐकलं तर?" पुरुषवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, सगळा तक्ता भिंतीवर लावलाय, पण पालथ्या घड्यावर पाणी. तरीही ही माणसं बोलतात. चुकतात, हसतात आणि पुढचं वाक्य बोलतात. कुणाची लाज म्हणून नाही. तू यांच्यापेक्षा हजार पटीने बरी आहेस, मग घाबरतेस कशाला?

आता लिहितेच आहे तर त्या दिवसाबद्दलही लिहिते. तू पोरीला घेऊन माहेरी आली होतीस. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तिला इंग्रजी गोष्ट वाचून दाखवत होतीस, हत्तीच्या हरवलेल्या पिल्लाची. मी ओट्यापाशी भाजी निवडत होते. तिथूनच म्हटलं, "ही नव्हे, शी." एवढंच. पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "आई चुकली! आई चुकली!" पाच वर्षांचं पोर ते. पुढच्या प्रत्येक वाक्याला ती तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली, बरोबर आहे का म्हणून, आणि मीही एक-दोनदा मान हलवली. तू पुस्तक मिटलंस. सकाळी मी उठले तर तुझी बॅग दारात होती.

चूक ती चूक. शिक्षकाने ती दाखवायची नाही तर कुणी? तेवढ्यावरून सहा वर्षं तोंड फिरवायचं म्हणजे अतीच झालं. मी कुणाचं घर जाळलं नव्हतं.

२१ दिवस उरलेत.

आई


१४ ऑक्टोबर

टकळे,

आज वर्गात जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं. मावशीला सांगितलं तर ती सगळीकडे करेल, म्हणून तुला.

माझी खुर्च्यांची पद्धत तुला आठवत असेल. नसेल कशी आठवत! फळ्यापुढे दोन खुर्च्या समोरासमोर आणि तिसरा माणूस दाराशी उभा. खुर्चीवरच्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं, 'आय सी यू, यू सी मी', आणि मग दाराकडे बोट करून, 'शी इज स्टँडिंग देअर, लुक ॲट हर.' दाराशी उभं राहणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तिच्याबद्दल बोलायचं असतं, तिच्याशी नाही. तीस वर्षं मी असंच शिकवलं. जिल्ह्याच्या शिबिरात ही पद्धत मी इतर शिक्षकांना करून दाखवली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या.

आज आयाबाईंना दाराशी उभं केलं. दोन वाक्यं झाली आणि त्या सरळ खुर्चीपाशी परत आल्या.

"बाई, मी नाही तिथं उभी राहायची."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"काम कितीचं का असेना. आमच्या वॉर्डात दिवसभर हेच चालतं. माणूस खाटेवर पडलेला असतो आणि दोघं जण त्याच्या डोक्यावरून बोलतात. याचं जेवण बंद करा, याला उद्या हलवा. तो ऐकत असतो हो. त्याचे डोळे मी बघते ना. इकडून तिकडे, तिकडून इकडे." त्यांनी पदर खोचला. "तुम्हाला कुणाबद्दल बोलायचंच असेल तर ते कपाट घ्या. त्याला काही वाटायचं नाही."

लिफ्टवाला म्हणाला, "बाई, मला उभं करा. माझं आयुष्यच दारात चाललंय." सगळे हसले. आयाबाई हसल्या नाहीत.

"शाळेत कुणाला उभं करत होतात?"

खोटं बोलता आलं असतं. का कोण जाणे, तोंडातून खरं निघालं. "माझ्या मुलीला. ती माझ्याच वर्गात होती."

"रोज?"

"तो पाठ असेल तेव्हा रोज. दुसऱ्याच्या मुलीला सारखं दारात उभं केलं असतं तर तिच्या घरच्यांनी तक्रार केली असती. आणि माझीच मुलगी खुर्चीवर बसवली असती तर लोक म्हणाले असते, बघा, घरचीला पुढे काढते."

"मग तिने काही म्हटलं नाही?"

"तिला बोलायचं नव्हतंच."

त्या "बरं" म्हणाल्या आणि वहीत डोकं घातलं. उरलेला तास मी कसा काढला ते मलाच माहीत. शिंपिणीने मला पाणी आणून दिलं, म्हणजे माझा चेहरा तसा झाला असणार.

घरी टकळी म्हणून नाव पडलेली पोर तू. झोपेतही बडबडायचीस. शाळेत गप्प, एवढंच मला माहीत होतं. घरी कधी गप्प व्हायला लागलीस, ते मी पाहिलं नाही. बाबांनी एकदा विचारलं होतं, "ही हल्ली बोलत का नाही?" मी म्हटलं होतं, वयात आलीय.

फॉर्म भर, हात जोडते.

आई


१८ ऑक्टोबर

टकळे,

मावशीचा फोन आला होता. म्हणाली, तू फॉर्म परत देऊन टाकलास. "मला जमायचं नाही, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल" असं म्हणालीस. मी तिला म्हटलं, तो फॉर्म जपून ठेव. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

तुझ्या तोंडी परीक्षेचे गुण अकरा नव्हते. अठरा होते.

नीट वाच. नियमाप्रमाणे तुझी परीक्षा मी घ्यायची नव्हती. पण इंग्रजीच्या दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्हीच घ्या, तुमच्यावर कोण संशय घेणार. पद्धत अशी होती की परीक्षा झाल्या झाल्या गुण पेन्सिलीने मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या नजरेखालून गेले की शाईने गिरवायचे. तू आत आलीस, हात मागे बांधून उभी राहिलीस. मी तुला आपल्या गल्लीतल्या एखाद्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं. तू सायकल दुरुस्त करणाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्याबद्दल बोललीस. तो गिऱ्हाइकाच्या ओठांकडे न बघता सायकलीकडे बघून सगळं कसं ओळखतो, ते सांगितलंस. पाच मिनिटं. एकही सर्वनाम चुकलं नाही. त्या वर्षी ऐंशी मुलं माझ्यासमोर बोलली, तुझ्याइतकं चांगलं कुणी बोललं नाही. मी पेन्सिलीने अठरा लिहिले.

मग मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेले, तर चित्रकलेचे सर चहा ढवळत म्हणाले, "काय बाई, आज घरचाच दाखला, घरचाच शिक्का!" सगळे हसले. सहज बोलले असतील, पण मला ते इंगळी डसल्यासारखं लागलं. वीस वर्षांत माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी खोडरबर घेतला आणि अठराचे अकरा केले. मुख्याध्यापिका म्हणाल्याही, "इतके कमी?" मी म्हटलं, "बोलताना अडखळते." त्यांनी माझं कौतुक केलं. पोटच्या पोरीलाही सूट देत नाही, असं त्या पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगायच्या, आणि मी ते मान खाली घालून ऐकून घ्यायची.

कॉलेजात भाषेच्या शाखेला इंग्रजीत पंच्याहत्तर गुण लागत होते. तुला बहात्तर पडले. तीन गुणांनी. ते मला कळलं तेव्हा शाई वाळून गेली होती.

लोकांच्या बोलण्याला घाबरले, झालं ते असं झालं. वाईट झालं. पण आता तुला कळलं आहे की तुला बोलता येतं. मावशीकडे जा, फॉर्म घे आणि भर. मला हवं ते बोल, पण भर.

आई


२४ ऑक्टोबर

टकळे,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तिरकं झालंय, पूर्वी सरळ असायचं. मायना नाही, सही नाही, दोनच ओळी.

'लोकांसाठी दोन कापले असतेस तरी पुरलं असतं. उरलेले पाच कुणासाठी?'

दोन दिवस ते कार्ड फडताळावर उभं करून ठेवलं होतं. येता-जाता दिसायचं. पहिल्या दिवशी तुझा राग आला. म्हटलं, एवढी कबुली दिली तरी हिचं समाधान नाही, बोट दिलं तर मनगट धरते. तुला शिव्या घालणारं एक पत्रही लिहिलं. ते फाडलं. मग हे लिहायला बसले.

ते पाच माझ्यासाठी होते.

परीक्षेच्या महिनाभर आधी तपासणी होती, आठवतंय? शिक्षणाधिकारी मागच्या बाकावर बसले होते, शेजारी मुख्याध्यापिका, दाराबाहेर दोन-तीन शिक्षक. मी ठेवणीतला पाठ काढला, दोन खुर्च्या आणि दार. तू दारात. सगळं घड्याळासारखं चाललं होतं. आणि शेवटी मी, वीस वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई, जोरात म्हणाले, "बिट्वीन यू अँड आय." आमच्या काळात सगळे तसंच बोलायचे. मला ते चुकीचं आहे हे माहीतही नव्हतं. तू दारातून, अगदी हळू, म्हणालीस, "बाई, तिथे 'आय' नाही, 'यू सी मी'मधलं 'मी' हवं ना?"

उद्धटपणे नाही म्हणालीस. मला वाचवायला म्हणालीस, हे आज कळतं. तुला वाटलं असेल, साहेबांनी पकडण्याआधी बाईंना सांगावं. पण अधिकारी खो खो हसले. उठून तुझ्यापाशी गेले, तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमची लेक तुमच्या पुढे निघाली!" सगळे हसले. दाराबाहेरचेही. मीही हसले, काय करणार. घरी येऊन दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, आणि तू तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन विचारलं होतंस, "आई, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये."

महिन्याने हातात खोडरबर होता. चित्रकलेच्या सरांचं निमित्त आयतं मिळालं होतं. लोकांसाठी सोळा केले. तिथे थांबता आलं असतं. सोळाकडे बघत बसले, आणि ते साहेबांचं हसणं कानात आलं. मी ते पुन्हा खोडले आणि अकरा लिहिले. लिहिताना मला बरं वाटलं, टकळे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. आता कळेल हिला, कोण कुणाच्या पुढे आहे ते, असं मनात म्हणाले. पंधरा वर्षांच्या पोरीबद्दल. स्वतःच्या पोरीबद्दल.

पुढचं सगळं त्या अकराला शोभावं म्हणून केलं. गुण खोटे आहेत हे उघड होऊ नये, तर ते खरे करायला हवे होते. म्हणून तू घरात इंग्रजी बोललीस की मी भुवई वर करायची. बाबांनी तुला मुलाखतीला पाठवायचं म्हटलं, तर मीच म्हणाले, "लिहिण्याचं काम बघा तिच्यासाठी, बोलणं हा तिचा प्रांत नाही." इतक्या वेळा म्हणाले की शेवटी बाबाही म्हणायला लागले. जाताना ते मला म्हणाले होते, "तिला एकदा विचार, तिला काय व्हायचं होतं." मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

आणि हत्तीच्या पिल्लाची गोष्ट. मी दहा तारखेला लिहिलं की चूक ती चूक. चूक नव्हती. मी ओट्यापाशी होते, पुस्तक मला दिसतही नव्हतं. ते पिल्लू नर होतं की मादी, मला काय माहीत! तू वाचत होतीस, आवाज बदलून, हत्तीण वेगळी, पिल्लू वेगळं, आणि पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. इतकं साफ इंग्रजी माझ्या घरात माझंही नव्हतं. मला सहन झालं नाही. जे तोंडात आलं ते ओरडले. तू गेल्यावर पलंगाखाली ते पुस्तक सापडलं. उघडून पाहिलं. तू बरोबर होतीस. तुला ते कळलंही असणार, पुस्तक तुझ्या हातातच होतं, तरी पोरीसमोर मला खोटं पाडलं नाहीस. मी तुला पाडलं.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. आजवर कधी मागितली नाही, तेव्हा सराव नाही. तू माझ्याकडे यावंस म्हणून हे लिहीत नाही असं म्हणणार होते, पण तेही खोटं होईल. यावंस असं वाटतं. पण त्याआधी ३१ तारीख आहे. त्या कागदावर माझे गुण विचारलेले नाहीत. मावशीला मी आज सांगितलंय, फॉर्म घेऊन स्वतः तुझ्या दारात जा आणि भरून होईपर्यंत उठू नकोस.

आई


५ नोव्हेंबर

धाकटे,

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, तिचा निरोप सांगू का, रागावणार नाहीस ना?" मी म्हटलं सांग, आणि तू सांगितल्यावर फोन ठेवला, कारण मला रडू आलं आणि तुला ते ऐकवायचं नव्हतं. म्हणून आता लिहिते. फोनवर बोलले की आपण दोघी भलतीकडेच भरकटतो.

तीस तारखेला तिने फॉर्म तुझ्यासमोर भरला, हे तू तीनदा सांगितलंस. चौथ्यांदा सांगितलंस तरी ऐकेन. तो द्यायला दोघी रुग्णालयात गेलात तर बोलण्याची प्राथमिक चाचणी तिथल्या तिथे झाली, ती आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली आणि समोरच्या बाई तिच्याशी हसत बोलत दारापर्यंत आल्या, हेही तू दोनदा सांगितलंस. गोदामाच्या निळ्या कोटातच गेली होती म्हणालीस. एक चांगली साडी नव्हती का तिच्याकडे? जाऊ दे. हे मी बोलायचं नाही.

आणि मग तिचा निरोप. "आईला सांग, पत्रं पोचली. पाचही वाचली. आता नकोत."

खरं सांगू? मला वाटलं होतं, एवढं सगळं ओकून टाकल्यावर पोरगी येईल. दार वाजेल, नात पुढे असेल, मी चहा टाकीन. एकोणीस वर्षं गप्प बसले आणि चार पानं लिहिली की हिशेब फिटला, असा माझा समज. पत्र टाकून आल्यावर मी बाहेरच्या खोलीतला पलंगपोससुद्धा बदलला होता. हसू नकोस.

तुझ्यावरही राग आला. तू तिची बाजू घेतलीस म्हणून नाही, ती तुझ्याशी बोलते म्हणून. तिच्या घरी जाऊन तू चहा पितेस, तिची लेक तुझ्या मांडीवर डोकं ठेवते, आणि मला ते तुझ्याकडून तुकड्यातुकड्याने कळतं. रात्रभर तुला मनात नावं ठेवली. सकाळी वाटलं, तू नसतीस तर तो फॉर्म साखरेच्या डब्याखालीच राहिला असता. मी गुण देणारी, मी कापणारी, आणि जोडून देणारी तू. शाळेत तुझं इंग्रजी किती कच्चं होतं!

वर्ग चालू आहे. आयाबाईंनी परवा विचारलं, "मुलीचं काही कळलं का?" मी म्हटलं, अर्ज केलाय. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आली तर मी बघेन हो तिच्याकडे." मी म्हटलं, तिच्याकडे बघायची गरज पडणार नाही. पण ऐकून बरं वाटलं. दारात उभं करणं मी बंद केलंय. तिघांनाही बसवते.

तिला पत्र लिहिणार नाही. दोन दिवसांत तीनदा कागद घेतला आणि तीनदा ठेवला. तिने आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी करू नकोस म्हणून सांगितलंय आणि मी ते ऐकणार आहे.

एक काम तुझ्याकडे. निकाल डिसेंबरात लागेल म्हणालीस. लागला की तू चपला न घालताच फोनकडे धावशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. धावू नकोस. आधी तिला विचार, आईला कळवू का म्हणून. ती नको म्हणाली तर कळवू नकोस. पास झाली तरी नाही, नापास झाली तरी नाही. मी फोन करून खोदून खोदून विचारेन, रडेन, मोठी बहीण म्हणून दमही देईन. तेव्हाही सांगू नकोस.

तुझी ताई